कार्यानुभवाची तासिका मुलांच्या हाती द्या

प्रति,
माननीय शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,


मी आपल्या खात्याचा शिक्षक नाही. एका तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवतो. आपल्या शाळांमधून दहावी होऊन बाहेर पडलेली मुले दर पावसाळ्यात माझ्या वर्गात येऊन बसतात. त्यांत गणितात नव्वदच्या पुढे गुण मिळवलेली बरीच असतात. भूमितीतले प्रमेय झोपेतून उठवून विचारले तरी पक्ष, साध्य, सिद्धता असे कारणांसकट म्हणून दाखवतील. त्यांच्यापुढे मी एक लाकडी ठोकळा ठेवतो. त्याच्या एका कोपऱ्यात खाच पाडलेली असते. हा ठोकळा समोरून, वरून आणि बाजूने कसा दिसेल ते काढा, एवढेच काम. समोरचे दर्शन बहुतेकांना जमते. वरचे काढताना पेन्सिली थबकतात. खाच वरून दिसेल का, दिसत नसेल तर तुटक रेषेने दाखवायची का, यावर कुजबुज सुरू होते. काही जण उठून ठोकळ्यावर वाकून बघतात आणि वेळ मारून नेतात. खरी कसोटी पुढच्या आठवड्यात लागते. तेव्हा ठोकळा नसतो, कागदावर तीन दर्शने असतात आणि त्यावरून वस्तू ओळखायची असते. तीन चपट्या आकृत्यांमधून एक घन वस्तू मनात उभी राहत नाही, आणि इथे पुष्कळ मुलांचा धीर सुटतो. परीक्षेनंतर कोणाला केटी लागते, कोणी शाखा बदलायची भाषा करते, कोणी ‘हे आपल्या डोक्यातच नाही’ असे ठरवून मोकळे होते.

ही मुले मंद नाहीत. शाळेच्या दहा वर्षांत हे काम त्यांच्याकडून कोणी पद्धतशीरपणे करून घेतलेले नाही, आणि ते करून घेणे आपल्या खात्याच्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

वस्तू मनात फिरवणे, उलगडणे, कापून आतले पाहणे, सुटे भाग जोडून पूर्ण आकार कल्पणे, नकाशावरून जमिनीवर आणि जमिनीवरून नकाशावर येणे, या सगळ्या क्षमतांना मिळून अवकाशीय बुद्धिमत्ता म्हणतात. हॉवर्ड गार्डनर यांनी 1983 मध्ये बहुविध बुद्धिमत्तांची मांडणी केली, तिच्यात ही एक होती. डी.एड., बी.एड. झालेल्या आपल्या बहुतेक शिक्षकांनी त्यावर परीक्षेत टीप लिहिलेली असते. पण प्रयोग त्याआधीचे आहेत. रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी 1971 मध्ये लोकांना घनांच्या जोडणीच्या दोन आकृत्या दाखवल्या आणि ही एकच वस्तू वेगवेगळ्या बाजूंनी काढली आहे की वस्तूच वेगळी आहे, असे विचारले. दोन आकृत्यांमधला कोन जितका मोठा, तितका उत्तराला वेळ जास्त लागला, आणि ही वाढ जवळजवळ सरळ रेषेत निघाली. म्हणजे माणूस ती वस्तू मनातल्या मनात खरोखर वळवून बघत होता. जे वळवता येते, त्याचा सराव करता येतो. माझ्या सगळ्या मागण्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

ही बुद्धी नजरेतून निसटली तर काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. लुईस टर्मन यांनी 1921 पासून कॅलिफोर्नियातली अतिबुद्धिमान मुले चाचण्या घेऊन निवडली आणि त्यांचा आयुष्यभर मागोवा ठेवला. त्या चाचण्यांचा भर भाषेवर आणि आकडेमोडीवर होता. विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ या दोन मुलांचीही चाचणी झाली, पण ती दोघे निवडीत बसली नाहीत. पुढे शॉकली यांना ट्रान्झिस्टरसाठी 1956 मध्ये आणि अल्वारेझ यांना 1968 मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निवडलेल्यांपैकी एकालाही ते मिळाले नाही. दोन माणसांवरून सिद्धान्त करू नये, हे मला कळते. पण अमेरिकेत 1960 मध्ये सुमारे 4 लाख शाळकरी मुलांच्या चाचण्या घेऊन नंतर त्यांच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा माग ठेवला गेला. त्या माहितीचे विश्लेषण 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. विज्ञान आणि अभियांत्रिकीकडे कोण जाईल, हे सांगताना गणित आणि भाषेच्या गुणांच्या जोडीला अवकाशीय चाचणीचीही मदत होते, असे त्यातून दिसले. आपण मात्र पहिल्या दोन गोष्टींचेच गुण मोजतो आणि त्यांवर मुलांच्या वाटा ठरवतो.

ही देणगी असते, एखाद्याला असते, एखाद्याला नसते, असे पालक सर्रास म्हणतात आणि शिक्षकही म्हणतात. मुलामुलांत फरक असतो, यात शंका नाही. पण तो फरक दगडावर कोरलेला नाही. डेव्हिड उटल आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अशा सरावाचे 217 अभ्यास एकत्र करून तपासले. सरावाने ही क्षमता वाढते, सराव थांबल्यावरही काही काळ टिकते आणि ज्या कामाचा थेट सराव केला नव्हता त्यातही दिसते, असा त्यांचा निष्कर्ष होता. मला माझ्या वर्गाच्या दृष्टीने शेरिल सॉर्बी यांचे काम अधिक जवळचे वाटते. मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत त्यांनी 1993 पासून, वस्तू मनात फिरवण्याच्या चाचणीत मागे पडलेल्या अभियांत्रिकीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी एक छोटा अभ्यासक्रम चालवला. त्यात ठोकळे हाताळायचे आणि ते कागदावर हाताने काढायचे, यावर भर होता. तो पूर्ण केलेल्यांचे पुढच्या विषयांतले गुण सुधारले आणि अभियांत्रिकी सोडून जाणाऱ्यांचे, विशेषतः मुलींचे, प्रमाण कमी झाले. म्हणजे अठराव्या वर्षीही उशीर झालेला नसतो. मग आठव्या वर्षी सुरुवात का करू नये?

आता आपल्या राज्याकडे येतो. आपण या बुद्धीची परीक्षा घेतच नाही, असे नाही. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत आरशातील प्रतिमा असते, पाण्यातील प्रतिमा असते, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल हे विचारतात, फासा दाखवून समोरासमोरची पृष्ठे विचारतात. प्रश्न उत्तम आहेत. त्यांची तयारी कशी होते, ते पाहावे. आरशात डावे-उजवे बदलते, पाण्यात वर-खाली बदलते, हा नियम फळ्यावर लिहून पाठ करून घेतला जातो. इंग्रजी अक्षरांपैकी कोणती आरशात तशीच राहतात, याची यादी घोकवली जाते. फाशाची उलगडलेली आकृती दिली की ‘एका ओळीत एक सोडून एक समोरासमोर’ ही युक्ती. मुले हे सगळे पाठ करतात, गुणही आणतात. पण वर्गात आरसा आलेला नसतो, कागदाला कात्री लागलेली नसते आणि फासा कोणी चिकटवून पाहिलेला नसतो. फाशाच्या चौरसांची मांडणी जरा वेगळी दिली की युक्ती हुकते आणि मुलाकडे दुसरे काहीच उरत नाही. परीक्षा मुले निवडते, पण ही क्षमता शिकवण्याची जबाबदारी कोणाचीच नसते.

भूमितीचे तेच. नवी कंपासपेटी जूनमध्ये येते. कर्कटक आणि गुण्या वर्षभर तिच्यातच राहतात आणि मार्चमध्ये रचनेच्या प्रश्नापुरता कंपास बाहेर निघतो. शंकू, वृत्तचिती आणि गोल यांची घनफळे सूत्रात किंमती घालून काढली जातात. शंकूच्या घनफळात एक तृतीयांश का येतो, हे सारख्याच तळाच्या आणि उंचीच्या शंकूने तीनदा वाळू भरून नळकांडे भरल्यावर मुलाला जन्मभर विसरता येत नाही. पण ते करायला एक तासिका जाते. शासकीय रेखाकला परीक्षेचे कौतुक इथे करायला हवे. तिच्यात भूमिती आणि घनभूमितीची चित्रे काढावी लागतात आणि माझ्या वर्गात तिची इंटरमीजिएट श्रेणी दिलेली मुले ओळखू येतात. मात्र ती ऐच्छिक आहे, आणि जिथे चित्रकलेचे शिक्षकच नाहीत तिथे ती मुलांपर्यंत पोहोचणार कशी?

मुलींबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवे. वस्तू मनात फिरवण्याच्या चाचण्यांत सरासरीने मुलगे पुढे असल्याचे अनेक देशांत दिसले आहे, आणि ‘मुलींचे डोके त्यात चालत नाही’ हा शेरा आपल्याकडेही सहज मारला जातो. या शेऱ्याला उत्तर आपल्याच देशातून मिळालेले आहे. ईशान्य भारतातल्या खासी आणि कार्बी या शेजारच्या समाजांमध्ये मोशे हॉफमन, उरी निझी आणि जॉन लिस्ट यांनी सुमारे 1,300 लोकांना चार तुकड्यांचे एक कोडे जुळवायला दिले. कार्बी समाज पितृसत्ताक आहे आणि जमीन पुरुषाच्या नावावर असते. तिथे पुरुषांनी कोडे स्त्रियांपेक्षा बऱ्याच लवकर सोडवले. खासी समाजात वारसा धाकट्या मुलीकडे जातो आणि मुलींचे शिक्षण मुलांच्या बरोबरीने होते. तिथे स्त्री-पुरुषांच्या वेळात फरक आढळला नाही. हा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला आणि कार्बींमधल्या फरकाचा सुमारे एक तृतीयांश भाग शिक्षणातल्या तफावतीने समजावता येतो, असे संशोधकांनी दाखवले. उरलेल्या भागावर वाद घालता येईल. पण फरक निसर्गाने नेमून दिला आहे, हे म्हणणे आता अवघड आहे.

आणि आपल्या घरातले उदाहरण घ्या. ब्लाऊज बेतणारी बाई सपाट कापडावर खडूने बाही आखते. त्या बाहीची वरची कड घंटेसारखी वळते, कारण दंडाची नळी खांद्याला तिरकी मिळते. मुंढा पुढून जरा जास्त खोल घ्यायचा, मागून कमी, म्हणजे हात पुढे केला की ओढ बसत नाही. टक्स कुठे आणि किती लांब, यावर सपाट कापडाला फुगवटा येतो. हे सगळे ती कापड कापण्यापूर्वी मनात पाहते, कारण कापून झाल्यावर दुरुस्ती नसते. माझ्या विषयात तिरक्या कापलेल्या नळीचा पत्रा उलगडून काढायचे एक प्रकरण आहे. बाहीची ती वळणदार कड आणि पत्र्यावर येणारी ती वक्ररेषा एकाच जातीच्या. एका विद्यार्थिनीची आई शिवणकाम करते. तिला मी घरून बाहीचा खाका आणायला सांगितला आणि फळ्यावरच्या नळीशेजारी लावला. ते प्रकरण त्या वर्गाला पुन्हा समजावावे लागले नाही. ज्या घरांत हे ज्ञान आहे, त्या घरांतल्या मुलींना आपण शाळेत सांगतो की हे तुमचे क्षेत्र नव्हे.

महोदय, तक्रार इथे संपवतो आणि मागण्यांकडे येतो. यांतली कोणतीही नवा विषय, नवे पुस्तक किंवा मोठी खरेदी मागत नाही.

पहिली मागणी कार्यानुभवाची. वेळापत्रकात ही तासिका आहे. प्रत्यक्षात ती गणिताच्या उजळणीला, इंग्रजीच्या जादा तासाला किंवा गैरहजर शिक्षकाच्या बदलीला जाते, हे प्रत्येक मुख्याध्यापकाला ठाऊक आहे. ती परत मिळवून द्या आणि आठवड्यातली निदान एक तासिका घड्या, ठोकळे, नकाशे आणि रेखाटन यांना बांधून द्या. काय करून घ्यायचे याची चणचण नाही. एक घन कागदातून किती प्रकारे उलगडता येतो? उत्तर 11 आहे, पण ते सांगायचे नाही. सहा चौरसांच्या मांडण्या मुलांनी कापाव्यात, दुमडाव्यात, कोणती मिटते आणि कोणती उघडी राहते ते पाहावे. दुमडण्याआधी प्रत्येकाने ‘मिटेल’ किंवा ‘मिटणार नाही’ असे लिहून ठेवावे. हा आधीचा अंदाजच खरा व्यायाम आहे. काकडी आडवी कापली तर काप गोल येतो, तिरकी कापली तर लंबवर्तुळ. सुरी लावण्याआधी कापाचा आकार काढून दाखवायचा. अरविंद गुप्ता यांनी होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन घन आकृत्या उभ्या केल्या आणि पुढे पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रातून अशी खेळणी देशभर पोहोचवली. काड्यांचा चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. छपराच्या कैच्या त्रिकोणी का असतात, हे पाचवीच्या मुलाला बोटांनी कळते.

दुसरी मागणी नकाशाची. भूगोलात समोच्च रेषा येतात आणि त्या वेटोळ्यांतून डोंगर दिसणे बहुतेकांना कधीच जमत नाही. महाराष्ट्रातली मुले दिवाळीत अंगणात मातीचे किल्ले करतात. तेच काम सुट्टीनंतर शाळेत आणा. घमेल्यात चिकणमातीचा छोटा राजगड करायचा, मध्ये बालेकिल्ला, तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी माची. मग घमेल्यात बोटभर पाणी ओतायचे आणि पाण्याची कड मातीवर काडीने कोरून घ्यायची. पुन्हा बोटभर पाणी, पुन्हा कड. पाणी काढून टाकल्यावर बरोबर वरून पाहिले की माचीच्या सोंडेवर रेषा लांब ओढल्या जातात आणि कड्याशी एकमेकींना चिकटतात. चढ कुठे आणि कडा कुठे, हे मूल मग कागदावरही वाचू लागते. खालच्या वर्गांसाठी शाळेच्या आवाराचा नकाशा पुरे. पावलांनी अंतर मोजायचे, चौकटीच्या वहीत एक पाऊल म्हणजे एक घर धरायचे आणि त्या नकाशावरून दुसऱ्या गटाने लपवलेला खडू शोधायचा. खडू सापडला नाही तर नकाशा कुठे चुकला, ते गुरुजींना सांगावेच लागत नाही. रस्ता सांगणारा फोन खिशात आला म्हणून याची गरज संपलेली नाही. लंडनचे टॅक्सीचालक परवान्यासाठी शहरातले सुमारे 25,000 रस्ते पाठ करतात. एलिनॉर मॅग्वायर यांनी 2000 मध्ये दाखवले की त्यांच्या मेंदूतला हिपोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. पुढे 2011 मधल्या अभ्यासात तो बदल प्रशिक्षणाच्या काळात घडताना दिसला. वाट स्वतः शोधण्याचे श्रम वाया जात नाहीत.

तिसरी मागणी राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातली आहे, म्हणजे ती मान्य झालेलीच आहे. 2020 च्या धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांसोबत घालवायचे, असे म्हटले आहे. ते दिवस सहलीत किंवा भाषणांत घालवू नका. कोल्हापूरसारख्या ठिकाणी फाउंड्रीसाठी पॅटर्न करणारे कारागीर आहेत. ओतलेले लोखंड थंड होताना आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. भागात पोकळी हवी असेल तर तिचा घट्ट आकार, म्हणजे कोअर, वाळूचा वेगळा घडवावा लागतो. जिथे धातू नको तिथे काय ठेवायचे, असा उलटा विचार हा माणूस दिवसभर करतो. गावात पॅटर्नमेकर नसेल तर सुतार आहे, कुंभार आहे, शिवणकाम करणारी मावशी आहे. त्यांना मानधन देऊन वर्गात बोलवा आणि मुलांना त्यांच्या हाताखाली बसवा. मुलगे शिवणाला आणि मुली सुतारकामाला, असेही होऊ द्या.

चौथी मागणी लहानग्यांची. अंगणवाडी आपल्या खात्यात येत नाही, पण पहिलीचा वर्ग येतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला शिंपले, बिया, गारगोट्या, काटक्या अशा परिसरातल्या वस्तूंतून बालशिक्षणाची साधने उभी केली, कारण परदेशी साधने परवडणारी नव्हती. ती वाट आजही खुली आहे. शिकागोत झालेल्या अभ्यासांत असे दिसले, की ज्या मुलांशी बोलताना घरची माणसे आकार, कडा, कोपरे, मांडणी यांचे शब्द अधिक वापरतात आणि जी मुले चित्रकोडी जुळवत खेळतात, ती साडेचार वर्षांच्या सुमारास अवकाशीय कामांत पुढे असतात. आपल्या बोलीत पालथा, उताणा, आडवा, तिरका, निमुळता, पसरट अशी संपत्ती पडून आहे. ‘ते तिकडे ठेव’ याऐवजी ‘वाटी पालथी करून डब्याच्या मागे ठेव’ म्हणायला पैसे लागत नाहीत. पहिलीच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात एवढे जरी आले, तरी पुष्कळ.

आक्षेप मला माहीत आहेत. अभ्यासक्रम पुरा होत नाही, हा पहिला. वर्गात साठ मुले, हा दुसरा. गुण नसले तर पालक विचारत नाहीत, हा तिसरा आणि सर्वांत खरा. म्हणून शेवटची मागणी मूल्यमापनाची. शालेय परीक्षेत एक छोटी प्रात्यक्षिक कृती ठेवा: वस्तू द्यायची आणि तिची दर्शने काढायला लावायची, किंवा दर्शने द्यायची आणि चिकणमातीत वस्तू घडवायला लावायची. घोकून हे जमत नाही आणि शिकवणीवाल्यांनाही त्यासाठी माती हातात घ्यावी लागेल. शिष्यवृत्तीच्या तयारीसाठी शिक्षकांना जे साहित्य जाते, त्यात युक्त्यांऐवजी कात्री, कागद आणि आरसा यांच्या कृती द्या. टॅबवरचे त्रिमितीय ॲप चालेल, पण हाताने घडवल्यानंतर, आधी नको.

मी चमत्काराचे आश्वासन देत नाही. अशा सरावाने लहान मुलांचे अंकगणितही सुधारते, असे काही प्रयोगांत दिसले, काहींत दिसले नाही. गणिताचा निकाल वाढेल म्हणून हे करा, असे मी म्हणणार नाही. सुतारकाम, शस्त्रक्रिया, वास्तुरचना, शिवण, भूगर्भशास्त्र, यंत्राची दुरुस्ती, या सगळ्यांना लागणारी एक क्षमता आपण वाऱ्यावर सोडली आहे आणि ती वाढवता येते, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

येत्या जूनचे वेळापत्रक शाळांना जाण्याआधी कार्यानुभवाच्या तासिकेबद्दल एक स्पष्ट परिपत्रक काढावे: ही तासिका दुसऱ्या विषयाला देऊ नये, आणि तिच्यात मुलांनी केलेल्या वस्तू वर्षअखेरीस पालकांपुढे मांडाव्यात. प्रयोग म्हणून आधी एका जिल्ह्यात करायचे असेल तर तसे करा. सुरुवातीला आणि शेवटी तीच चाचणी घ्या, मुलामुलींचे निकाल वेगवेगळे मांडा आणि ते जाहीर करा. काही फरक पडला नाही असे दिसले, तर मी माझी मागणी मागे घेईन. फरक पडला, तर उरलेल्या जिल्ह्यांना थांबवून ठेवण्याचे कारण आपल्याकडे राहणार नाही.



आपला,
पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवणारा एक शिक्षक